नवे पिस्टन ०.६ मिमी बुटके, नवा रॉड ६० ग्रॅम जड: ५७५ डीआयला चालतील का?

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. ट्रॅक्टर महिंद्रा ५७५ डीआय, चार सिलिंडर, बोअर ८८.९, स्ट्रोक ११०. हेड गॅस्केट फुटून तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलं, तशातच सेल्फ मारला गेला आणि तीनचा कनेक्टिंग रॉड वाकला. हेड आणि चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उतरवून पिस्टन बाहेर काढलेत. क्रँक मोजून घेतला, स्टँडर्डमध्येच आहे, घासायची गरज नाही. लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) चारही झिजलेले, म्हणून लायनर-पिस्टनचा पूर्ण सेट बाहेरच्या मेकचा आणला. रॉड एकच आणला, तोही बाहेरचाच, पण मेक वेगळा.

आता अडलंय ते असं. गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनेच्या) मध्यापासून माथ्यापर्यंत मोजलं तर नवा पिस्टन जुन्यापेक्षा ०.६ मिमी बुटका भरतो, चारही तसेच. नवा रॉड जुन्या सरळ रॉडपेक्षा ६० ग्रॅम जड. नवी गजन पिन नव्या रॉडच्या बुशात जातच नाही, जुन्या रॉडात मात्र अलगद जाते. मिस्तरी म्हणतो, "बोअर जमला ना, मग बसव. बुश घासून देतो." ट्रॅक्टरला रोटाव्हेटर आणि केळीची ट्रॉली, दोन्ही कामं आहेत. मृगाच्या आत शेत तयार हवं. बसवू की परत करू?

पांझराथडी बोअरिंग (धुळे)

थांबा, लायनर ठोकू नका. एकदा लायनर बसला की दुकानदार सेट परत घेत नाही.

"बोअर जमला" हे पिस्टन निवडायचं शेवटचं कारण असतं, पहिलं नव्हे. महिंद्राच्याच जीपमधलं २५२३ सीसीचं डीआय इंजिन घ्या, बोअर तोच ८८.९. पण त्याचा स्ट्रोक १०१.६, म्हणजे क्रँकची अर्धी चाल ५०.८, तुमची ५५. हा ४.२ मिमीचा फरक ब्लॉकच्या उंचीत, रॉडच्या लांबीत नाहीतर पिस्टनच्या उंचीत कुठंतरी भरून काढलेला असतोच. त्यामुळे नुसता बोअर विचारून काउंटरवरून पिस्टन उचलायचा नसतो.

हिशोब साधा आहे. अर्धा स्ट्रोक + रॉडची लांबी (मोठ्या भोकाच्या मध्यापासून लहान भोकाच्या मध्यापर्यंत) + पिस्टनची उंची (पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंत). ही बेरीज आणि क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या फेसपर्यंतचं (सपाट पृष्ठापर्यंतचं) अंतर, या दोहोंतल्या फरकावर पिस्टन टॉपला (सगळ्यात वर पोचल्यावर) फेसच्या वर येतो की खाली राहतो ते ठरतं. तुमच्याकडं बाकी सगळं तेच असेल तर पिस्टन ०.६ खालीच राहणार.

त्यानं काय बिघडतं? तुमच्या एका सिलिंडरचं चालीचं आकारमान साधारण ६८३ सीसी. उदाहरणापुरतं कॉम्प्रेशन १८:१ धरा, म्हणजे टॉपला उरणारी जागा सुमारे ४०.२ सीसी. पिस्टन ०.६ खाली गेला की त्यात ३.७ सीसीची भर पडते आणि कॉम्प्रेशन साडेसोळावर येतं. थंडीत सकाळी सेल्फ खात राहील, पांढरा धूर मारेल, आणि रोटाव्हेटर जमिनीत उतरवला की ओढ कमी वाटेल. मग पंपवाल्याकडं जाऊन डिझेल वाढवलं जातं, काळा धूर सुरू होतो, आणि दोष पंपाचा ठरतो.

आता मुद्द्याचं. तुमचा पिस्टन खराब आहे असं मी म्हणत नाही. चारही अगदी सारखेच ०.६ बुटके असतील तर ते मुद्दाम तसे केलेले असणार. ब्लॉकचा फेस घासून खाली आणलेला असतो तेव्हा पिस्टन हेडला आपटू नये म्हणून कमी उंचीचे पिस्टन मिळतात. डब्यावर किंवा पिस्टनच्या माथ्यावर वजा चिन्ह घालून आकडा असतो, तो शोधा. तुमचा ब्लॉक आधी कधी फेस केलाय का, हा खरा प्रश्न.

ते असं तपासा. जुना लायनर असू द्या. एक नंबरचा जुना सरळ रॉड घ्या, त्यावर जुना पिस्टन रिंगांशिवाय चढवा, बेअरिंग घालून कॅप टॉर्कनं (मॅन्युअलमधल्या ठरलेल्या जोरानं) कसा. दीड-दोन मिमी जाडीची मऊ सोल्डरची तार घ्या, तिचे दोन छोटे तुकडे पिनच्या रेषेवर, पिस्टनच्या दोन कडांजवळ ग्रीसनं चिकटवा. पिनच्या रेषेवरच, कारण तिथं पिस्टन डुलत नाही. आडव्या बाजूला ठेवले तर दोन तुकडे दोन आकडे सांगतील. पिस्टनच्या माथ्यावरची वाटी आणि व्हॉल्व्हची जागा टाळा. जुनं दबलेलंच गॅस्केट ठेवा, हेड पूर्ण टॉर्कला कसा, आणि क्रँक हातानं सावकाश टॉपवरून एकदा पलीकडं न्या. अडलं तर जोर लावू नका. हेड उतरवून दबलेली तार मायक्रोमीटरनं मोजा, हाच बंपिंग क्लिअरन्स, म्हणजे टॉपला पिस्टन आणि हेडमध्ये उरणारी फट. मग हेच नव्या पिस्टनवर करा. दोन्ही आकडे मॅन्युअलशी ताडून बघा आणि इथं टाका.

सावदा स्पेअर्स

उंचीच्या नादात वाटी विसरू नका भो. डीआय इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत पडतं. नोझलची भोकं आणि वाटीचा आकार एकमेकांना धरून असतात. एकाच ट्रॅक्टरच्या जुन्या-नव्या मॉडेलात वाटीचं तोंड, खोली, मध्यापासूनचं अंतर बदललेलं असू शकतं. जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवून व्हर्नियरनं तोंडाचा व्यास आणि खोली मोजा. वाटीत पाणी भरून सिरिंजनं सीसी मोजले तर आणखी बरं. वाटी वेगळी निघाली तर उंची जमूनही उपयोग नाही.

दुसरं, रॉडचं लहान टोक बघा. काही रॉडचं लहान टोक वर निमुळतं असतं आणि पिस्टनच्या आतले पिनचे दोन कान त्याच उताराचे असतात. सरळ टोकाचा रॉड अशा पिस्टनमध्ये वर अडतो. उलट निमुळता रॉड सरळ कानांच्या पिस्टनमध्ये आरामात जातो, पण पिनला वरून आधार कमी मिळतो. तुमचा पिस्टन एका मेकचा, रॉड दुसऱ्या मेकचा, म्हणून हे आधी. बुशात पिन घालून रॉड डावी-उजवीकडं सरकवून बघा, दोन्ही बाजूंना मोकळीक हवी.

रिंगा: खोबण्या किती आणि किती रुंद, जुन्याशी ताडा. क्रोम रिंग क्रोम केलेल्या लायनरवर कधीच नाही. लायनर साधा बिडाचा असेल तर वरची क्रोम रिंग चालते. गॅप लायनरमध्येच मोजायचा, पिस्टननं रिंग सरळ ढकलून. या बोअरला ०.३५ च्या आसपास धरतात, पण डब्यातल्या कागदावरचा आकडा खरा. गॅप कमी असेल तर कानसीनं टोक घासता येतं, जास्त असेल तर ती रिंग परत.

गिरणाकाठ (भडगाव)

रॉडबद्दल लिहितो, कारण पिस्टनपेक्षा तिथं जास्त घोटाळा दिसतोय.

आधी हे सांगा, बाकीचे तीन रॉड मोजलेत का? पाणी तीनमध्ये गेलं म्हणून तीनच वाकला असं गृहीत धरू नका. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटलं असेल तर शेजारच्यातही थोडं उतरलेलं असतं. डोळ्याला रॉड सरळ दिसतो आणि तरी वाकलेला असतो. बेअरिंगशिवाय कॅप कसून दोन्ही भोकांत सरळ घासलेल्या पिना घाला, सरफेस प्लेटवर व्ही-ब्लॉकात मोठ्या टोकाची पिन ठेवा, लहान टोकाच्या पिनेवर डायल गेज फिरवा. साधारण १०० मिमी लांबीला ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर तो रॉड बाद. पीळही बघा, रॉड आडवा ठेवून. प्रेसवर सरळ करून देणारे आहेत, पण एकदा वाकलेला डिझेलचा रॉड सरळ करून बसवण्यात मला अर्थ वाटत नाही. ताण आतमध्ये राहतो आणि कामाच्या उष्णतेत तो पुन्हा थोडा फिरतो.

याच मांडणीत लांबीही मिळते. सगळ्या रॉडांवर तोच गेज शून्यावर न हलवता फिरवला की नवा रॉड लांब आहे की आखूड ते कळतं. वर धुळेकरांनी ०.६ चा हिशोब दिलाय; रॉड ०.२ नं आखूड निघाला तर त्या एका सिलिंडरमध्ये तो आकडा ०.८ होईल.

मग वजन. नुसता "६० ग्रॅम जड" हा आकडा अर्धा आहे. रॉडचं मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर वर-खाली जातं. म्हणून दोन टोकं वेगळी तोला. रॉड आडवा धरा, लहान टोकात पिन घालून ती दोरीनं टांगा, मोठं टोक काट्यावर टेका, रॉड पाणसळीत आडवा हवा, दोरी सरळ उभी हवी. वाचा. मग उलटं करा. दोन्ही आकड्यांची बेरीज पूर्ण रॉडच्या वजनाएवढी यायला हवी. नाही आली तर टांगणं चुकलंय. एक ग्रॅम दाखवणारा किराण्याचा डिजिटल काटा पुरतो. जळगावात सोनाराच्या काट्यावर तोलून आणायची टूम आहे, पण तो काटा बहुतेक वेळा किलोच्या वर चालतच नाही.

मोठ्या टोकाचं वजन कॅपच्या खालच्या गाठीवरून उतरवायचं, लहान टोकाचं अगदी शेंड्यावरून. मधल्या दांड्याला ग्राइंडर लावायचा नाही. घासल्याच्या रेषा रॉडच्या लांबीच्या दिशेत ठेवा आणि शेवटी बारीक पेपरनं गुळगुळीत करा; आडव्या ओरखड्यातून तडा सुरू होतो.

बुशाचं सोपं आहे. नव्या रॉडचा बुश बऱ्याचदा मुद्दाम कमी मापाचा ठेवलेला असतो, पिनेप्रमाणे तो कापून घ्यायचा. पण "घासून देतो" म्हणजे हातानं रीमर फिरवणं असेल तर नको. हातात भोक तिरकं जातं, पिस्टन लायनरमध्ये वाकडा चालतो आणि एका बाजूनं वर, दुसऱ्या बाजूनं खाली घासतो. मोठ्या भोकाला समांतर धरून मशिनवर होन (दगडानं बारीक घासून माप) करून घ्या. तेल लावलेली पिन अंगठ्यानं दाबली की जावी, पण हलवली तर खडखडू नये. बुशाचं तेलाचं भोक रॉडच्या भोकासमोर आहे ना, तेही बघा.

भुसावळ डिझेल

वजनाचा एवढा बाऊ करू नये असं माझं मत. ५५ मिमीच्या त्रिज्येला १९०० आरपीएम धरले तर ६० ग्रॅमचा जोर साधारण १३ किलोचा येतो. मोटरसायकलला तो कळेल, ट्रॅक्टरच्या बिडाच्या ब्लॉकला त्यानं तडा जात नाही. चार सिलिंडरच्या रांगेत दोन पिस्टन वर असतात तेव्हा दोन खाली, ते एकमेकांना तोलतात. म्हणून सगळेच पिस्टन जुन्यापेक्षा २० ग्रॅम हलके किंवा जड असले तरी बिघडत नाही. चौघं आपसात सारखे हवेत. एका सिलिंडरच्या बुलेटला उलटं असतं. तिथं क्रँकचं वजन ठराविक पिस्टनला धरून ठरवलेलं असतं, त्यामुळे पिस्टनचा मेक बदलला की थरथर बदलते.

मला जास्त भीती आहे ती नव्या रॉडच्या मोठ्या भोकाची. बेअरिंगशिवाय कॅप टॉर्कला कसून बोअर गेजनं तीन दिशांना मोजा. गोल नसेल तर रॉड परत करा. कॅपचा जोड घासून भोक "बसवायची" पद्धत आपल्याकडं अजून आहे. त्यानं भोक अंडाकृती होतं, बेअरिंग जोडाजवळ चिमटतं आणि तेलाची फिल्म तुटते. रॉड आणि कॅपवरचा नंबर एकाच बाजूला, एकच हवा. जोड तोडून वेगळा केलेला खडबडीत असेल तर ती कॅप त्याच रॉडची; दुसऱ्यावर चढत नाही आणि घासायची तर नाहीच.

तापीकाठ (चोपडा)

सगळं मोजून झालं. तार: जुन्या पिस्टनवर ०.९२ आणि ०.९५, नव्यावर १.५३ आणि १.५४. जुने आकडे मॅन्युअलच्या हद्दीत, नवे बाहेर. पिस्टनच्या माथ्यावर कडेला "−०.६०" असा पुसट शिक्का निघाला, कार्बन पेपर घासल्यावर दिसला. म्हणजे ब्लॉक फेस केलेला नाही आणि पिस्टन फेस केलेल्या ब्लॉकचे. वाटी मात्र तंतोतंत जुळते.

रॉड: एक, दोन, चार हे आपसात ८ ग्रॅमच्या आत. नवा ६० नं जड, त्यात लहान टोक १४, मोठं ४६. लांबी बरोबर, मोठं भोक गोल. पण चार नंबरला १०० मिमीवर ०.०९ वाक निघाला.

दुकानदार म्हणतो पिस्टन बदलून देतो, नाहीतर पातळ गॅस्केट लाव. गॅस्केटनं भागेल का?

पांझराथडी बोअरिंग (धुळे)

गॅस्केटच्या वेगवेगळ्या जाडी मिळतात तिथंही फरक दशांश-दोन दशांशाचा असतो, ०.६ त्यातून निघत नाही. ब्लॉक ०.६ नं फेस करायचाही सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बुटक्या पिस्टनसाठी चांगला ब्लॉक कापायचा म्हणजे पुढच्या प्रत्येक ओव्हरहॉलला बुटकेच पिस्टन शोधत फिरायचं. पिस्टन बदलून घ्या, पूर्ण उंचीचे. बदलून आल्यावर चारही पुन्हा मोजा, एकाच डब्यात दोन उंच्या निघू शकतात.

दोन रॉड बाद झाले म्हणजे आता चारही एका मेकचे घ्या, दोन्ही टोकं तोललेला सेट मागा. आणलेला एकटा रॉड परत जात नसेल तर त्याच मेकचे आणखी तीन घ्या. मिसळण तेवढी नको. बोल्ट-नट नवेच.

लायनर-पिस्टनची मोकळीक मोजताना एक गोष्ट खानदेशात विशेष लागू पडते. पिस्टन गाडीच्या डिकीत उन्हात तापलेला आणि ब्लॉक शेडमध्ये सावलीत, तापमानात २० अंशांचा फरक, एवढ्यानं ॲल्युमिनियमचा ८८.९ चा पिस्टन ०.०३५ ते ०.०४ मिमी फुगतो. तुम्हाला मोकळीक कमी वाटेल, होनवाला लायनर जास्त काढेल आणि चालू झाल्यावर पिस्टन खडखडेल. सगळे पार्ट रात्रभर एका जागी ठेवा आणि सकाळी ऊन चढायच्या आत मोजा. पिस्टन अंडाकृती असतो, वरून निमुळताही असतो. पिनेला काटकोनात, मेकवाल्यानं कागदावर दिलेल्या उंचीवरच मायक्रोमीटर लावायचा.

पिन चढवताना पिस्टन उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, पिन हातानं जाते. हातोडी मारली तर आत्ता सरळ मोजलेला रॉड पुन्हा वाकतो. पिस्टनवरचा बाण किंवा पुढची खूण बघून बसवा; वाटी मध्यापासून सरकलेली असेल तर उलटा बसलेला पिस्टन फिरतो, पण फवारा वाटीत पडत नाही. रिंगांचे गॅप एकाखाली एक नकोत, पिनच्या रेषेवरही नकोत. रॉड बसवून प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक फिरवून बघा. चौथ्यानंतर अचानक जड झाला तर चौथाच उघडायचा, सगळे नाही. म्हणून एकेक कसायचा.

गिरणाकाठ (भडगाव)

रनिंगचं: तासन् तास आयडलवर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत आणि लायनर चकाकतो, मग तेल खातो. गरम झालं की हलकी ट्रॉली, मध्यम आरपीएम, अधूनमधून ओढ. पहिलं ऑइल ५० तासांच्या आत बदला. रोटाव्हेटर त्यानंतर. एअर क्लीनरच्या तेलाच्या वाटीतलं तेल आणि तिथून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप आजच बघा. काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ त्या पाइपच्या चिरेतून गेली तर वरच्या रिंगची खोबण आधी जाते.

भुसावळ डिझेल

एवढं सगळं झालं, पण पाणी आत का गेलं ते कोणीच विचारलं नाही. सरळ पट्टी आणि फिलर गेज घेऊन हेड लांबीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा, विशेषतः दोन आणि तीनच्या मध्ये. ०.०५ ची पाती गेली की मॅन्युअलची मर्यादा बघून हेड फेसला द्या. फेस केल्यावर व्हॉल्व्ह किती खोल बसतात ते मोजून घ्या आणि तार पुन्हा लावा. लायनर ओला (बाहेरून थेट पाणी लागणारा) असेल तर चारही लायनर फेसच्या वर सारखेच उभे राहिले पाहिजेत. एक बुटका राहिला की गॅस्केट तिथंच फुटतं. हेडच्या बोल्टांच्या भोकात साचलेलं पाणी-तेल हवेनं उडवा, नाहीतर टॉर्क दाखवतो पण हेड आवळलं जात नाही. रेडिएटर भरल्यावर रात्रभर तसंच ठेवा. सकाळी इंजेक्टर काढून क्रँक दोन फेऱ्या हातानं फिरवा, आणि एकाही भोकातून पाण्याचा थेंब उडाला नाही तरच सेल्फ मारा.